खेळाच्या तासांचा ताळेबंद

(मांजरी येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपली मांजरी ही वजनकाट्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची भूमी आहे. येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. उसाची गाडी असो वा द्राक्षाची पेटी, वजन झाल्यावाचून शेतकरी ती हातची सोडत नाही. साखरेचा उतारा तर दशांशापर्यंत पाहिला जातो. मात्र याच घरांतून मोबाइलवरील खेळात रोज किती वेळ जातो असे विचारले, तर उत्तर येते, "थोडा वेळ." हा थोडा वेळ म्हणजे नेमका किती, एवढाच आजचा विषय आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. नातू नववीत आहे. "आजोबा, मी फक्त अर्धा तास खेळतो," असे तो शपथेवर सांगे. एका रविवारी आम्ही दोघांनी त्याच्या फोनची सेटिंग्ज उघडली. अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' या नावाने प्रत्येक अ‍ॅपवर गेलेल्या वेळेची नोंद आपोआप होत असते. खेळाचा रोजचा हिशेब सव्वादोन तासांचा निघाला. मुलगा खोटे बोलत नव्हता. तो डाव मोजत होता, तास नव्हे. शंभर जण एका बेटावर उतरतात त्या खेळाचा डाव सुमारे अर्ध्या तासाचा असतो. "अजून एकच" म्हणत चार डाव होतात आणि स्मरणात एकच उरतो. मैदानावरची कबड्डी अंधार पडला की थांबते. या खेळात सूर्य मावळतच नाही.

मग नातू म्हणाला, "आता तुमचा फोन पाहू." माझे व्हॉट्सअ‍ॅप तीन तासांच्या जवळ पोहोचले होते! त्यात समाजकार्याचे संदेशही असतात, असे मी सांगू लागलो. नातू हसला. मीही हसलो, पण मनातून खजील झालो.

रोजचे दोन तास म्हणजे वर्षाचे ७३० तास, अर्थात अखंड तीस दिवसांहून अधिक. वर्षातील एक संपूर्ण महिना आपण कोणाला दिला, हे ठाऊक तरी असावयास नको काय?

मोजणे हा आपल्याला नवा संस्कार नाही. जपमाळेचे मणी १०८ असतात, ते उगाच नव्हे. लग्नमंडपात पाण्यावर ठेवलेले घटिकापात्र आपल्या पूर्वजांना २४ मिनिटांची घटिका अचूक सांगत असे. १९२५ साली नागपुरात सुरू झालेल्या संघकार्याचा पायाही रोजच्या एका तासाची शाखा हाच आहे, आणि तेथे संख्या घेतल्यावाचून शाखा विकिर होत नाही. स्वयंसेवकाच्या घरी तासांची मोजदाद नसावी, हे विसंगत आहे.

शासनाने काही करावे असे आपण सहज म्हणतो. शासनाने केलेही आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी आली. खेळ गेला, पण तास काही परत आले नाहीत. २०२१ मध्ये त्याच धाटणीचा खेळ नव्या नावाने आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. तो स्वागतार्हच आहे. परंतु त्या कायद्याचा रोख पैशावर आहे. वेळेचा हिशेब कुटुंबानेच ठेवावयाचा आहे.

येथे एक विवेकही राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टी मागे पडणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, ही तिची लक्षणे. म्हणून आकडा पाहून मुलाला रोगी ठरवू नका. लक्षणे दिसली, तर मात्र लाज न बाळगता तज्ज्ञांकडे जा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक पाऊल उचलले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद होतात. नियम मुलांना आहे, तसाच वडीलधाऱ्यांनाही आहे. त्याचे बळ त्यातच आहे.

आमच्या घरी आता रविवारी रात्री जेवणानंतर एक वही उघडली जाते. प्रत्येक जण आपला आठवड्याचा आकडा स्वतःच्या हाताने लिहितो. आजोबांचा आकडा सर्वांत आधी. कोणी रागावत नाही, फोन काढून घेत नाही. दंड होऊ लागला की आकडे खोटे होतात. नातवाचा आकडा काही आठवड्यांत उतरला. माझा उतरावयास अधिक वेळ लागला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आज घरी गेल्यावर मुलाचा फोन मागू नका. प्रथम आपला उघडा, त्यातील आकडा त्याला दाखवा, आणि वहीच्या पहिल्या ओळीवर तो लिहा.