पाळी थांबली तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



३४व्या वर्षी मला स्तनाचा कर्करोग झाला, हे आपणांस ठाऊकच आहे. शस्त्रक्रियेनंतर आपण आळीपाळीने डबे पाठवलेत. ते ऋण आभार मानून फिटायचे नाही. आज बोलायचे आहे ते मात्र कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही अशा गोष्टीविषयी.

केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर माझी पाळी थांबली. सासूबाई म्हणाल्या, "अशक्तपणा आहे, येईल." मला मात्र धास्ती पडली, दिवस तर राहिले नाहीत? यजमान शेजारी उभे, म्हणून डॉक्टरांना विचारवेना. शेवटी नर्सबाईंना गाठले. त्यांनी समजावले की झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणारे हे औषध अंडाशयातील स्त्रीबीजांनाही इजा करते. चाळिशीच्या आतल्या पुष्कळजणींची पाळी काही महिन्यांनी, कधी वर्षानेही, परत येते; चाळिशीनंतर ती आशा कमी. परत आली तरी बीजांचा साठा घटलेला असतो.

माझी पाळी चौदा महिन्यांनी आली. एरवी ज्या दिवसांचा कंटाळा करायचा, त्याच दिवशी मी न्हाणीघरात बसून आनंदाने रडले!

ते चौदा महिने कठीण गेले. अंगातून वाफा निघत, रात्री घामाने पातळ भिजे, सांधे धरत, मुलावर उगाच खेकसले जाई. घरच्यांना वाटे, ही चिडखोर झाली. एके दिवशी यजमानांना सगळे सांगितले. त्या रात्रीपासून ते न बोलता उठून पंखा माझ्याकडे वळवू लागले. आधीच सांगितले असते तर!

आणखी एक गोष्ट राहून गेली. आम्हांला दुसरे मूल हवे होते. केमोथेरपीपूर्वी स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवता येतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. उपचार चालू असताना अंडाशयांना विश्रांती देणारे इंजेक्शनही दरमहा देतात. हे मला कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. म्हणून म्हणते, पहिली सलाईन लागण्यापूर्वी हा प्रश्न विचाराच.

दुसरे, पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, असे समजू नका. पुढे अनेकींना पाच ते दहा वर्षे टॅमॉक्सिफेनची गोळी घ्यावी लागते. तिनेही पाळी अनियमित होते, पण ती गर्भनिरोधक नव्हे. उलट गर्भाला तिच्यापासून धोका असतो. तांबी किंवा निरोध वापरावा, हार्मोनच्या गोळ्या नकोत. या गोळीवर असताना रक्तस्राव फार झाला, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

तिसरे, कर्करोगानंतर आई होता येत नाही, हा समज सोडा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉझिटिव्ह' नावाच्या पाहणीत पाचशेंवर स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळ्या घेऊन, मग मुलासाठी त्या थांबवल्या. पहिल्या तीनेक वर्षांत त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

संबंधाच्या वेळी होणारा त्रास, झोप, उदासपणा, हेही सांगण्यासारखेच आहे. त्यावर उपाय असतात. एकटीला विचारण्याचा धीर होत नसेल, तर मला हाक मारा. दवाखान्यात मी बरोबर येईन.