सेलूचा ९७८

उन्हाळी संशोधन म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याने सुट्टीतले सहा-आठ आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत एकच छोटा प्रश्न धरून बसणे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी दिल्ली आणि प्रयागराजच्या अकादम्यांसह त्यासाठी दोन महिन्यांच्या शिष्यवृत्त्या देते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका सुट्टीत विद्यार्थी घेतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००४ मध्ये सुरू केला. इथून, सेलूहून, तपोवन एक्सप्रेस मुंबईला नेते. अवघड असते ते वेळेवर कळणे. प्रस्तुत वक्त्याच्या विद्यार्थिदशेत अशा एका शिबिराची सूचना फलकावर लागली, तेव्हा मुदत उलटून आठवडा झाला होता. शिपायाने ती जपून टाचली होती, चारही कोपऱ्यांना.

खरी अडचण मुंबईला पोचल्यावर उघडी पडते, आणि तिचे मूळ प्रयोगाच्या जर्नलमध्ये असते. बार पेंड्युलमने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग सर्वांनी केलेला असतो. पुस्तकात उत्तर ९८१ छापलेले, म्हणून जर्नलातही ९८१. ही किंमत पॅरिसच्या आसपासची. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे आणि परिवलनाचा परिणामही तिथेच जास्त. त्यामुळे साडेएकोणीस अंशांवरच्या सेलूत हे त्वरण सुमारे ९७८.५ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग भरते. वक्त्याच्या वर्गातल्या एका मुलाने दोन दिवस आंदोलने मोजून ९७८ आणले. त्याला प्रयोग पुन्हा करायला लावले. वक्त्याने सीनियरच्या जर्नलातून आकडे उतरवले होते. वक्त्याला लगेच सही मिळाली. पुढे संशोधनात मिळालेल्या कुठल्याही सहीने ती सही धुऊन निघालेली नाही.

आलेले रीडिंगच लिहावे, चुकीचे वाटले तरी, पेनाने, तारखेसह. पेन्सिलीने लिहिलेला आकडा रात्रीतून सुधारतो. हा नियम सर्व शाखांचा आहे: रसायनात ब्युरेटचे तिसरे रीडिंग पहिल्या दोन्हींशी ‘जुळवले’ जाते, वनस्पतिशास्त्रात न सापडलेले झाड यादीत उगवते.

असे संशोधन गावातही होते. बेसाल्टातल्या विहिरींचे पाणी मेमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यानंतर तपासले, तर काठिण्यातला फरक घरच्या घरी दिसू शकतो. ईडीटीएच्या अनुमापनात द्राक्षलाल रंग निळा होतो, तेव्हा थांबायचे. दुधना नदीच्या काठचे गवत, सोयाबीनवरच्या किडी, हेही प्रश्नच आहेत. त्यांची उत्तरे कुठल्या जर्नलात आयती नाहीत, त्यामुळे उतरवण्याची सोयच राहत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर आधारित यूजीसीच्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चौथ्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो, आणि तेव्हा मार्गदर्शक पहिल्याच भेटीत कच्ची वही मागतो.