वितस्तेकांठची लढाई : पडद्यावर आणि ग्रंथांत



इतिहासप्रसिद्ध लढाया घरबसल्या पाहण्याची सोय दूरचित्रवाणीनें आतां करून दिली आहे. रात्रीचीं जेवणें आटोपलीं, कीं दिवाणखान्यांत रथ धांवूं लागतात, हत्ती चीत्कार करतात, आणि जन्मांत घोड्यावर न बसलेला गृहस्थ सेनापतीच्या चुका मोठ्या अधिकारानें दाखवूं लागतो. ह्या करमणुकीला नाक मुरडणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला मात्र ती निषिद्ध वाटत नाहीं. पडदा आणि पुस्तक यांच्यांत सवतीमत्सर असण्याचें कारण नाहीं. दोहोंना एका घरांत नांदवितां आलें, तर आनंद दुणावतो. तो कसा, हें आज एकाच लढाईच्या उदाहरणावरून पाहूं. ती लढाई म्हणजे इ. स. पूर्वीं ३२६ मध्यें वितस्तेच्या, म्हणजे आजच्या झेलम नदीच्या कांठीं शिकंदर आणि पोरस यांच्यांत झालेली.

ह्या लढाईतील नाट्य कलावंतांना फार दिवसांपासून भुलवीत आलें आहे. सोहराब मोदी यांनीं १९४१ सालीं ‘सिकंदर’ हा बोलपट काढला, तेव्हां पृथ्वीराज कपूर शिकंदर झाले आणि मोदी स्वतः पोरस झाले. १९९८ सालीं मायकेल वुड यांनीं शिकंदराच्या मार्गानें ग्रीसपासून हिंदुस्थानापर्यंत प्रवास करून बीबीसीसाठीं मालिका केली. २०१७ सालीं तर पोरसालाच नायक करून एक हिंदी मालिका सुरू झाली.

पडद्याचा मोठा गुण असा, कीं तो शब्दाला देह देतो. ‘दोनशें हत्ती’ हे दोन शब्द वाचतांना डोळा सहज पुढें घसरतो. पण एकच हत्ती सोंड उगारून अंगावर येतांना पडद्यावर पाहिला, कीं शिकंदराचे घोडे नदीच्या पैलतीरावर चढावयास कां कचरतील, अशी त्याला भीति होती, हें क्षणांत उमगतें. पावसाळ्यानें फुगलेली, गढूळ, तट खात जाणारी नदीहि डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीं.

पडद्याला एक गोष्ट मात्र साधत नाहीं. ती म्हणजे कंटाळा. शिकंदराची खरी युक्ति कंटाळ्यावरच उभारलेली होती. तो रात्रीमागून रात्र आपले स्वार कांठानें वरखालीं पळवी, रणघोष करवी. पोरस प्रत्येक वेळीं हत्तींसह समोर धांवून येई. असें पुष्कळदां झाल्यावर पोरसानें हालचाल करणें सोडलें. मग क्रॅटेरस ह्या सरदारास छावणींत ठेवून, मेघगर्जनेच्या आणि मुसळधार पावसाच्या एका रात्रीं, शिकंदर आठनऊ कोस वरच्या बाजूनें नदी उतरला. त्या अनेक जागरणांना पडद्यावर दोन मिनिटेंहि मिळत नाहींत. तें काम पुस्तकाचें.

पडद्यावरच्या चुका शोधणें हाहि एक निर्दोष आणि सुरस खेळ आहे. घरांतील मुलांना तो अवश्य शिकवावा. स्वारांचे पाय रिकिबींत दिसले, कीं त्यांनीं टाळी द्यावी. कारण शिकंदराच्या स्वारांना रिकीब ठाऊकच नव्हती. धनुर्धर धांवत धांवत बाण सोडूं लागले, कीं दुसरी टाळी. हिंदी पायदळाचें धनुष्य पुरुषभर उंच असून तें जमिनीवर टेकवून, डाव्या पायानें दाबून ओढीत, असें आरियन लिहितो. कर्टियस त्यांत भर घालतो, कीं त्या दिवशीं निसरड्या जमिनीवर हीं धनुष्यें नीट टेकतच ना. चिखलांत रथहि रुतले. पावसानें कोणाची बाजू घेतली, हें ह्या दोन बारीक तपशिलांवरून जेवढें कळतें, तेवढें तलवारींच्या खणखणाटावरून कळत नाहीं.

आतां थोडा हिशेबाचा आनंद घेऊं. आरियनच्या मतें पोरसाजवळ ३०,००० पायदळ, ४,००० स्वार, ३०० रथ आणि २०० हत्ती होते, आणि दोन हत्तींमध्यें निदान शंभर फुटांचें अंतर होतें. गुणाकार करून पाहिला, तर हत्तींची रांग पावणेचार मैलांची होते! डायोडोरस मात्र १३० हत्ती सांगतो, कर्टियस ८५. मृतांच्या संख्येचेंहि तेंच. आरियन पोरसाच्या बाजूचे सुमारें २०,००० पायदळ आणि ३,००० स्वार पडले म्हणतो. शिकंदराचे अवघे ३१०. डायोडोरसच्या लेखीं हिंदी मृत १२,००० हून अधिक, आणि शिकंदराचे जवळजवळ हजार. जेत्यांची हानि एका ग्रंथांतून दुसऱ्यांत जातांना तिपटीनें वाढते, हें पाहून सुज्ञ वाचक सावध होतो.

आरियन लढाईनंतर चारशेंहून अधिक वर्षांनीं लिहीत होता. तथापि तो स्वतः रोमन साम्राज्याचा सेनाधिकारी होता आणि आपला संशय लपवीत नसे. पोरसाच्या पुत्राबरोबर ६० रथ होते, हें अरिस्टोब्युलसचें म्हणणें. १२० रथ आणि २,००० स्वार होते, हें टॉलेमीचें. आरियन विचारतो, टेहळणीसाठीं ६० रथ फार झाले, अडविण्यासाठीं फार थोडे. मग ते पाठविले कशाला? म्हणून तो टॉलेमीकडे झुकतो. येथें वाचक प्रेक्षक राहत नाहीं, पंच होतो.

हें पंचपण आज फार अगत्याचें झालें आहे. पोरसच जिंकला, असें अलीकडे पुष्कळ जण आग्रहानें सांगतात. राज्य परत मिळालें, शिवाय त्यांत भर पडली, मग पराभव कसला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. एक गोष्ट खरी, कीं आपणांजवळचे सर्व वृत्तांत एकाच बाजूचे आहेत. प्राचीन हिंदी वाङ्मयांत ह्या लढाईचा उल्लेख नाहीं. परंतु ह्या मौनाचा अर्थ आपल्या इच्छेप्रमाणें लावणें म्हणजे पुरावा नव्हे. जित राजालाच मांडलिक करून ठेवणें हा राज्यकारभाराचा जुनाच मार्ग आहे. पोरसाचा मोठेपणा विजयावर अवलंबून नाहीं. सैन्य मोडल्यावरहि, खांद्याला जखम झाली असतां तो आपल्या हत्तीवरून लढत राहिला, हें शत्रुपक्षाच्या लेखकांनींच लिहून ठेवलें आहे.

अखेरची गोष्ट जरा गंभीर आहे. त्या दिवशीं कोंडीत सांपडलेल्या, माहूत मेलेल्या, घायाळ हत्तींनीं शत्रूप्रमाणें आपल्याच माणसांना तुडविलें; बाजूला सरकण्यास जागा होती ती शिकंदराच्या पायदळाला. पोरसाचे दोन पुत्र पडले. पडद्यावर हें सर्व वाद्यांच्या गजरांत निघून जातें. पुस्तक हातांत असलें, म्हणजे त्या ओळीपाशीं थांबतां येतें. युद्धकथेचा रस घ्यावा, पण अशा ठिकाणीं थांबण्याची संवय मुलांना लावावी. ज्या घरांत ती लागली, तेथें ढोल वाजूं लागले तरी माणसें शांतपणें विचार करतील, असा भरंवसा वाटतो.

मॅक्रिंडल यांनीं ह्या प्राचीन लेखकांचे वृत्तांत इंग्रजींत एकत्र केले, त्याला शंभराहून अधिक वर्षें झालीं. पुढच्या वेळीं शिकंदर पडद्यावर येईल, तेव्हां तो ग्रंथ जवळ असूं द्यावा. आधीं पाहावें, मग वाचावें, आणि मग घरांतल्या सर्वांनीं मिळून मनसोक्त वाद घालावा.