बांधकाम कंपन्यांचे भाग

वालचंद हिराचंद आपल्याच सोलापूरचे. त्यांच्या १९२६ च्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचे भाग घ्यावेत काय, असे आम्हांला पुष्कळदा विचारतात. गावाचा अभिमान वेगळा, म्हातारपणाची पुंजी वेगळी!

२००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू ह्याच कंपनीने बांधला. पण लाभांश पुलातून निघत नाही, वसुलीतून निघतो. ठेकेदार सिमेंट, पोलाद, मजुरी आधी भरतो. सरकारी खात्याशी तंटा झाला की रक्कम लवादात अडकते, बँकेचे व्याज मात्र चढतच राहते. हे दुखणे इतके बळावले की २०१६ साली केंद्र सरकारने निवाड्यातील ७५ टक्के रक्कम बँक हमीवर आधी देण्याचे ठरविले. त्यात लवासात गुंतलेला पैसा. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

लार्सन अँड टुब्रो ही दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ साली मुंबईत काढलेली. तीही पूल बांधते. पण यंत्रे आणि संगणकसेवा ह्यांचेही उत्पन्न तिला आहे. एक धंदा अडला तर दुसरा पोसतो. म्हणून दोन्ही ताळेबंद शेजारी मांडताना आम्ही आधी थकलेले येणे पाहतो, मग कर्ज. हातातल्या कामांचा मोठा आकडा सर्वांत शेवटी.