पहाटेची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मला बोलायला सांगितले तेव्हा मी विषय विचारला. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सकाळी धावता ना, त्यावरच बोला." मला हसू आले. पन्नाशी उलटलेल्या बाईने चारचौघींपुढे धावण्यावर भाषण करावे, हे माझ्या आईने ऐकले असते तर तिने पदर तोंडाला लावला असता. शिवाय 'धावणे' हा शब्द माझ्यासाठी फार मोठा आहे. मी जाते ती दुडक्या चालीने. थोडे चालायचे, थोडे धावायचे, दम लागला की पुन्हा चालायचे. हल्ली याला जॉगिंग म्हणतात.

सुरुवात हौसेने झाली नाही. रक्तात साखर वाढल्याचे निघाले. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण रोज अर्धा तास पाय चालले पाहिजेत." मी म्हटले, "अहो, दिवसभर मी पायांवरच असते." ते म्हणाले, "खरे आहे, आणि ते वायाही जात नाही. पण ओट्यापासून न्हाणीपर्यंत चार पावले टाकून थांबण्याने छातीचे ठोके वाढत नाहीत." जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेले प्रमाण असे आहे : मोठ्या माणसाने आठवड्याला निदान 150 मिनिटे झपाझप चालण्यासारखा, किंवा 75 मिनिटे धावण्यासारखा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. मोजायला घड्याळही नको. चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण ओवी म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की चाल बरोबर आहे असे समजावे.

सल्ला सोपा होता, पण उंबरा ओलांडणे अवघड. पहिला प्रश्न, सकाळचा चहा कोण करणार? दुसरा, लोक काय म्हणतील? पहिल्याच आठवड्यात मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका पोराने काहीतरी शब्द टाकला. मी घरी आले, बूट पलंगाखाली सारले आणि महिनाभर काढले नाहीत. पुढे शेजारच्या वहिनी स्वतःहून दारात उभ्या राहिल्या. "चला, मी येते," एवढेच म्हणाल्या. एकीची दोन झालो, दोनाच्या पाच झालो. पाचजणींना कोणी काही बोलत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि चहाचे म्हणाल, तर तो आमच्या घरी आता पुरुषमाणसांनाही करता येतो. साखर जास्त पडते, एवढेच!

आता वाटांविषयी. आपल्या वर्धेला चालण्याच्या वाटांची वाण नाही. नवशिकीने घराजवळच्या मोकळ्या मैदानावर फेऱ्या घ्याव्यात. मातीवर गुडघ्यांना त्रास कमी होतो. पाय रुळले की हनुमान टेकडीकडे वळावे. तिथे लोकांनी श्रम करून झाडे वाढवली आहेत. चढावर धावू नये, चालावे. उताराला तर जास्तच जपावे, कारण गुडघे दुखतात ते उतरताना. सपाट वाट हवी असेल त्यांनी गोपुरीत गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूपाच्या परिसरात फिरावे.

पण वर्धेची खरी वाट सेवाग्रामची. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी मगनवाडीहून पायी शेगावला गेले. त्याच शेगावला 1940 साली सेवाग्राम नाव मिळाले. अंतर सुमारे पाच मैल, दिवस आपल्याकडच्या उन्हाळ्याचे आणि वय सहासष्ट! विलायतेत शिकत असताना ते गाडीभाडे वाचवण्यासाठी रोज आठ-दहा मैल चालत, आणि तिथे प्रकृती चांगली राहिली ती या सवयीमुळे, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. सेवाग्रामलाही सकाळ-संध्याकाळचा फेरफटका त्यांनी सोडला नाही. मात्र या रस्त्यावर आज वाहने फार. आपण वाहनांकडे तोंड करून, उजव्या कडेने, एकीमागे एक असे जावे. 2020 साली रुंदीकरणासाठी या रस्त्याची जुनी झाडे तोडू लागले तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. सावली ही शोभेची वस्तू नाही, हे उन्हात चालणाऱ्यालाच कळते.

तिसरी वाट धाम नदीची, पवनारला. 1938 साली विनोबाजींची प्रकृती अगदी खालावली तेव्हा ते थंड हवेच्या ठिकाणी न जाता पवनारला येऊन राहिले. मोकळी हवा, रोज थोडे चालणे, थोडे खणणे, हेच त्यांचे औषध. खणता खणता भरत-रामाच्या भेटीची जुनी मूर्ती सापडली, ती आजही तिथे आहे. पुढे 1951 पासून 1964 पर्यंत तेरा वर्षे याच माणसाने भूदानासाठी भारत पायाखाली घातला. आणि भगिनींनो, 1959 साली त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर काढले ते स्त्रियांसाठी. 1967 साली चार भगिनी बारा वर्षांच्या पदयात्रेला निघाल्या. बायका एकट्यादुकट्या कशा चालणार, या प्रश्नाचे उत्तर आपल्या अंगणातच दिले गेले आहे. नदीकाठी जाल तेव्हा मात्र पावसाळ्यात खडकांवर उतरू नका. शेवाळ दिसत नाही आणि पाणी चढायला वेळ लागत नाही.

आपल्याच घरी बंधने होती असेही नाही. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, आणि हे त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यत बंद केली ती थेट 1960 पर्यंत! बायकांची मॅरेथॉन तिथे सुरू झाली 1984 साली. आणि आपल्या महाराष्ट्राच्या मुली पाहा. नाशिककडची कविता राऊत हिने 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. साताऱ्याकडची ललिता बाबर 2016 साली रिओला अंतिम फेरीत धावली.

चार सूचना देते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपलीकडे जातो; त्या दिवसांत सूर्य वर यायच्या आत घरी परतावे. बूट मऊ तळव्याचे आणि मापाचे असावेत, चपलेवर धावू नये. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निघावे आणि गुळाचा खडा जवळ ठेवावा. छातीत दुखले, घेरी आली, तर तिथेच बसावे. लाज धरू नये.

शेवटी एक गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. मी बोलावले की म्हणायच्या, "माझे घरातच दहा मैल होतात ग." मागच्या दिवाळीत अंगणात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होतात, आणि चालण्याने ती बळकट राहायला मदत होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. आधी चालल्या असत्या तर पडल्याच नसत्या, असे मी म्हणणार नाही. पण आता त्या खिडकीशी पडून असतात. परवा मी भेटले तर म्हणाल्या, "तू जात जा. आणि येताना मला सांगत जा, बाहेर काय दिसले ते." तेव्हापासून मी रोज पाच मिनिटे त्यांच्या खिडकीशी थांबते. पळस फुलला, धामेला पाणी आले, असे काहीबाही सांगते. त्या डोळे मिटून ऐकतात.

खिडकीतून ऐकण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर येऊ नये, म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, येत्या सोमवारपासून सकाळी मंडळाच्या दाराशी जमावे. जिला जेवढे जमेल तेवढे तिने चालावे, आणि मागे पडेल तिच्यासाठी एकीने थांबावे. दुसरी, फिरण्याच्या वाटांवर पहाटे दिवे असावेत आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे, असा अर्ज सर्वांच्या सह्यांनी नगरपरिषदेला द्यावा. कागद मी लिहून आणला आहे. चहा घेताना सही करून जा.

आणि हो, उद्याचा घरचा चहा आजच कोणावर तरी सोपवून ठेवा.