प्रभागाची रेघ आणि आपली वाडी

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या मेळाव्यात आम्ही बालवाडी, औषधोपचार आणि शिलाई वर्गाचा वृत्तान्त देतो. तो छापील अहवालात आहेच. आज मी एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. विषय आहे ग्रामपंचायतीची प्रभाग रचना. हे ऐकून काहींना वाटेल की ताई आता राजकारणात शिरल्या. थोडा वेळ माझे ऐकून घ्या, मग ठरवा.

रायगड जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी आपण एका कातकरी वाडीत काम करतो. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आपण तिथे घोंगड्या वाटल्या. तुमच्यापैकी अनेकांनी त्यासाठी देणगी दिली होती. त्या वेळी वाडी अर्धी रिकामी होती. दिवाळी झाली की माणसे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घोंगड्या देऊन, प्रार्थना करून आम्ही समाधानाने परतलो.

त्याच दिवसांत वाडीपासून चार किलोमीटरवर, पंचायतीच्या फलकावर एक कागद लागला होता. तो होता प्रभाग रचनेचा प्रारूप आराखडा. हरकत घ्यायची मुदत त्यावर लिहिलेली होती. मी त्या फलकासमोरून दोनदा गेले असेन, पण तो कागद वाचला नाही. वाचला तेव्हा मुदत संपली होती. वाडीच्या मधून जो ओढा जातो, त्याच्यावरून प्रभागाची सीमा आखली गेली होती. ओढ्याअलीकडची घरे एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्या प्रभागात. ही चूक मी कोणा कार्यालयाच्या माथी मारत नाही. वाचणे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

यात काय बिघडले, ते समजण्यासाठी थोडा हिशेब करू. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात. समजा गावाची लोकसंख्या 2700 आहे. तर 9 सदस्य. एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात. आपण तीन धरू. म्हणजे तीन प्रभाग, प्रत्येकात साधारण 900 माणसे. यात आपल्या वाडीची माणसे 300. वाडी अखंड एका प्रभागात राहिली, तर त्या प्रभागात दर तीन माणसांमागे एक वाडीचा. मत मागायला येणाऱ्याला वाडीत यावेच लागेल. पण वाडीचे दोन तुकडे झाले, तर दोन्ही प्रभागांत दर सहा माणसांमागे एक. मग वाडीत कोणी आले काय, न आले काय, निकालात फरक पडत नाही.

अनुसूचित जमातीसाठी राखीव जागा असतेच, मग चिंता कसली, असे कोणी म्हणेल. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्यामुळे निम्म्याहून कमी जागा राखीव ठेवता येत नाहीत. पण आपली वाडी अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे. तिथे लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळते, म्हणजे आपल्या उदाहरणात एकच. ती जागा ज्या प्रभागात जाते, तिथले सगळे मतदार तिच्यासाठी मत देतात. वाडी तुटलेली असली की जागा जमातीची, पण निवड दुसऱ्यांची. आपल्या वाडीत असेच झाले. निवडून आलेले भाऊ स्वभावाने चांगले होते. पण ते दुसऱ्या पाड्यावरचे, आणि त्यांना निवडून आणणारे मोठ्या गावचे. पाण्याच्या पाइपलाइनचा विषय काढला की अलीकडच्यांना सांगत, तो पलीकडच्या प्रभागाचा प्रश्न आहे; पलीकडच्यांना उलट सांगत. अशी पाच वर्षे गेली. एक आजी मला म्हणाल्या, "ताई, पाण्याला आम्ही एकाच झऱ्यावर जातो. मग मत द्यायला दोन शाळांत का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घोंगडी मात्र त्यांच्या खांद्यावर होती.

यहोशवाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय मी अनेकदा वाचला होता. सात वंशांना अजून वतन मिळालेले नव्हते. यहोशवाने शिलो येथे बसून रेघा आखल्या नाहीत. प्रत्येक वंशातून तीन माणसे निवडायला सांगितली. त्यांनी देशभर चालत जायचे, नगरांची नोंद करत सात भागांचे वर्णन लिहून आणायचे, आणि मग परमेश्वरासमोर चिठ्ठ्या टाकायच्या. आधी चालणे, मग लिहिणे, मग वाटणी. आणि चालणारी माणसे कोण? ज्यांना वाटा मिळायचा होता, त्याच वंशांतली.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी आम्ही हा क्रम धरला. प्रारूप लागायच्या आधीच वाडीने तीन जण निवडले: एक जाणते आजोबा, बचत गटाच्या एक बाई आणि दहावी झालेली एक मुलगी. मी फक्त वही घेऊन मागे चालले. नकाशात ओढा ठळक निळा दिसतो. नैसर्गिक सीमा म्हणून नदी, नाला, रस्ता धरायचा असतो, म्हणून कागदावर ती रेघ बरोबरच वाटते. पण तो ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो, पोरे त्यात क्रिकेट खेळतात, आणि पावसाळ्यात त्याच्यावर साकव आहे. वाडीला खरी वेगळी करणारी सीमा म्हणजे वरचा डांबरी रस्ता. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होऊ नये, ही सूचनाही रचना करणाऱ्यांना दिलेली असते. तेवढ्याच आधारावर हरकत लिहिता येते.

पण एक अडचण होती. प्रभागांची लोकसंख्या साधारण सारखी राहावी लागते. वाडीची दीडशे माणसे इकडे आणली, तर इकडची दीडशे तिकडे जायला हवीत. म्हणजे मोठ्या गावातली एक आळी दुसऱ्या प्रभागात जाणार होती. आपल्या लोकांना न्याय मिळावा म्हणून शेजाऱ्याची आळी न विचारता सरकवायची का? यावर वाडीत दोन रात्री बोलणे झाले. शेवटी आजोबा म्हणाले, "आपण जाऊन सांगू. ऐकतील, नाहीतर शिव्या देतील." आम्ही गेलो. त्या आळीतल्या एका काकांनी थोडे खडसावले, मग विचारले, "आमची आळी मधून तुटत नाही ना?" तुटत नव्हती. ते म्हणाले, "मग आमची हरकत नाही."

हरकत तहसीलदारांकडे मुदतीत दिली. प्रांताधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. बोलायला मी उभी राहिले नाही, ती मुलगी उभी राहिली. मला सलाफहादाच्या पाच मुलींची आठवण झाली. त्याही मोशेपुढे आणि सर्व मंडळीपुढे उभ्या राहून वाटा मागत होत्या, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे असे परमेश्वरानेच मोशेला सांगितले होते. आमची हरकत बरीचशी मान्य झाली. टेकडीपलीकडची आठ घरे मात्र दुसऱ्या प्रभागातच राहिली. त्या घरांपुढे आजही आम्हांला अपराधी वाटते.

निवडणुकीत वाडीतली एक बाई सदस्य झाली. पाइपलाइन वाडीच्या मध्यापर्यंत आली आहे. वरच्या घरांना अजून हंडा घेऊन उतरावे लागते. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. आपण शिलाई वर्गासाठी पंचायतीकडे जागा मागितली, तेव्हा याच बाईंनी विरोध केला. म्हणाल्या, "ताई, ती जागा आम्हांला खळ्यासाठी लागते." त्या दिवशी मला थोडे वाईट वाटले. घरी आल्यावर मात्र मी देवाचे आभार मानले. ती वाडीची प्रतिनिधी होती, आपली नव्हे. तसेच असायला हवे.

म्हणून राजकारणाचा प्रश्न. कोणाला मत द्यावे, हे आपण कधीही सांगणार नाही. संस्थेची गाडी, माणूस किंवा पैसा कोणत्याही पक्षासाठी वापरला जाणार नाही. पण सूचना वाचून दाखवणे, वही घेऊन मागे चालणे आणि अर्ज लिहायला शिकवणे ही शेजारधर्माची कामे आहेत.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, माणसे. आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत, भूमापन खात्यात काम केलेले आहेत. नकाशा वाचायला शिकवण्यासाठी वर्षातून दोन दिवस द्या.

दुसरी, लक्ष. प्रभाग अंतिम झाले की काम संपत नाही. मग प्रभागवार मतदार यादी येते आणि एका घरातली नावे दोन प्रभागांत गेलेली दिसतात. त्या यादीवरही हरकतीची मुदत असते. ती थोडक्या दिवसांची असते आणि कधी नाताळाच्या धांदलीतही येते. त्या आठवड्यात एक कार्यक्रम कमी झाला तर रागावू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रभाग जनगणनेच्या आकड्यांवर बनतात, आणि आजवर 2011 चेच आकडे वापरात आहेत. ती गणना 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात झाली. त्या पूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची मोजणी घरच्या पत्त्यावर होत नाही. फेब्रुवारीत आपली वाडी कुठे असते? भट्टीवर. म्हणजे कागदावरची वाडी खऱ्या वाडीपेक्षा लहान. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 जाहीर झाली आहे. म्हणजे पुन्हा तोच हंगाम. भट्टीवरच्या माणसांची मोजणी निदान तिथे तरी चुकू नये, आणि त्या दिवसांत ज्यांना घरी येणे शक्य आहे त्यांनी यावे, यासाठी आतापासून घरोघरी बोलले पाहिजे. भट्टीची उचल घेतलेल्या माणसाला सुटी मागणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. म्हणून एकेका कुटुंबाशी बसून बोलायचे आहे. प्रवासखर्चाला तुमची मदत लागेल.

घोंगड्या आपण याही वर्षी देणार आहोत. थंडी खरी आहे. पण यंदा घोंगडी देताना आम्ही पंचायतीचा फलकही वाचून येऊ.

टेकडीपलीकडच्या त्या आठ घरांसाठी प्रार्थना करा. प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो. आमेन.