वेळासची कासवं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज मात्र ते ओळखलं जातं समुद्री कासवांमुळे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत मडक्यासारखा, वर अरुंद आणि तळाशी रुंद खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात परतते. पिल्लांसाठी ती थांबत नाही.

पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरत, माणसंही काढून नेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं 2002 च्या सुमारास इथं संरक्षणाचं काम सुरू केलं. ग्रामस्थ आणि वनविभाग सोबत आले. गावातले कासवमित्र पहाटे किनारा फिरतात, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत, तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. साधारण 45 ते 60 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त.

पिल्लं पाहायला येणाऱ्या पर्यटकांची सोय गावकरी घरोघरी करतात. त्यामुळे कासव जगलं तर आपलाही फायदा, हे गावाला पटलं आहे.

तुम्ही गेलात तर पिल्लांना हात लावू नका, बॅटरीचे झोत टाकू नका. प्रकाशानं ती वाट चुकतात. आणि एखादं घरटं दिसलं, तर वनविभागाला जरूर कळवा.